बाहुली बोलते, ऐकणार कोण?



शाळेच्या पत्रिकेत खुनी बाहुल्याच्या सिनेमावर लेख छापावा, हे काही जणांना रुचणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्त्या, गणेशोत्सवातील स्पर्धा यांच्या शेजारी तात्या विंचू शोभतो का, असा प्रश्न कोणीही विचारेल. पण मधल्या सुट्टीत मुलांच्या तोंडी असलेला विषय पत्रिकेत आला नाही म्हणून शाळेच्या बाहेर राहत नाही. 'झपाटलेला'चा तिसरा भाग काढण्याचा मनोदय दिग्दर्शक महेश कोठारे यांनी जाहीर केल्यापासून मोठ्या वर्गांतली मुले एकच मागणी करताना ऐकू येतात. या वेळी विनोद कमी करा आणि पहिल्यासारखी खरी भीती दाखवा!

ही मागणी आम्हांला योग्य वाटते. मात्र पहिल्या चित्रपटातली खरी भीती कोणती, हे आधी नीट पाहिले पाहिजे. आमच्या मते ती सुरीत नव्हती, रक्तात नव्हती आणि बाहुल्याच्या डोळ्यांतही नव्हती. एक माणूस खरे सांगतो आहे आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ही ती भीती. तिचा संबंध सिनेमागृहापेक्षा आपल्या घराशी आणि शाळेशी अधिक आहे, म्हणून हा लेख.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी हकीकत सांगतो. 'झपाटलेला' १९९३ साली आला. तात्या विंचू हा अट्टल गुंड एका मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. पोलिसांच्या गोळीने मरता मरता तो मंत्र म्हणून आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला लक्ष्याच्या घरी येऊन पोहोचतो. लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, हा भोळाभाबडा बोलक्या बाहुल्यांचा कलाकार. तात्याला पुन्हा माणसाचे शरीर हवे असेल, तर आपले रहस्य ज्याला त्याने सर्वांत आधी सांगितले त्याच्याच शरीरात शिरावे लागणार असते. तो पहिला माणूस लक्ष्याच असतो. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांनी हा चित्रपट मराठीत पाहिलेलाच नाही. 'खिलौना बना खलनायक' या नावाने तो हिंदीत आला आणि माळव्यात घरोघरी टीव्हीवर पाहिला गेला तो त्याच रूपात. या गोष्टीकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

कथेचे बीज मूळचे अमेरिकेतले आहे. १९८८ साली तिकडे 'चाइल्ड्स प्ले' नावाचा चित्रपट निघाला. मूळ कथा डॉन मॅन्सिनी यांची आणि दिग्दर्शन टॉम हॉलंड यांचे. जाहिराती पाहून मुले बाहुल्यांसाठी हट्ट धरतात आणि आईबाप दुकानांसमोर रांगा लावतात, असा त्या दशकात अमेरिकेत प्रकार चालू होता. त्यावरच हा चिमटा होता. अँडी नावाच्या सहा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला बाहुला मिळतो आणि त्यात 'चकी' या खुन्याचा आत्मा असतो. घरात खून होतो. अँडी सांगतो की हे बाहुल्याने केले. आईला ते पटत नाही, पोलिसांना पटत नाही आणि शेवटी त्यालाच मनोरुग्णालयात ठेवतात. प्रेक्षकाला मात्र सगळे माहीत असते. सहा वर्षांचे मूल खरे बोलते आहे आणि जगात त्याचे ऐकणारा एकही मोठा माणूस नाही, हे पाहताना पोटात जो गोळा येतो तो बाहुल्याच्या हातातल्या सुरीने येत नाही.

मराठी चित्रपटाने हे बीज उचलले आणि आपल्या मातीत लावले. त्यात एक बदल असा केला की आम्हांला तो मूळ कथेहून सरस वाटतो. अँडीच्या जागी त्यांनी बोलक्या बाहुल्या नाचवणारा कलाकार आणला. बाहुली बोलते आहे असे लोकांना भासवणे हाच ज्याचा पोटापाण्याचा धंदा, त्याने 'हा बाहुला आपणहून बोलतो' म्हणून सांगितले, तर कोण ऐकणार? लोक हसणार आणि टाळ्या वाजवणार! लक्ष्या जितका कळवळून सांगतो तितके प्रेक्षागृह हसते, आणि हसता हसता अंगावर काटा येतो. त्याच बीजावर १९९६ साली हिंदीत 'पापी गुडिया' निघाला होता. तो आज फारसा कोणाच्या लक्षात नाही. तात्या विंचू मात्र तीस वर्षांनंतरही मुलांच्या तोंडी आहे.

आता मुळाकडे परत जाण्याविषयी. अमेरिकेतल्या चकीचे पुढे बरेच भाग निघाले. दुसरा १९९० साली आणि तिसरा १९९१ साली आला. पुढे 'ब्राइड ऑफ चकी' (१९९८) आणि 'सीड ऑफ चकी' (२००४) यांत त्याला बायको आली, मूल आले, थट्टा वाढली आणि भीती पातळ झाली. प्रेक्षक बाहुल्याला घाबरण्याऐवजी त्याच्या चुरचुरीत बोलण्याची वाट पाहू लागले. मग २०१३ साली मॅन्सिनी यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला 'कर्स ऑफ चकी' आला आणि त्यांनी गाडी मागे वळवली. एक मोठे जुने घर, मोजकी माणसे, वादळी रात्र आणि टपालाने आलेला एक बाहुला. बराच वेळ तो काहीच करत नाही, नुसता बसून असतो. घरातली निका ही तरुणी चाकाच्या खुर्चीत आहे. हिला काय कळते, हिला काय जमणार, असे घरच्यांनी गृहीत धरले आहे. तिला सर्वांत आधी धोका कळतो आणि तिचेच कोणी ऐकत नाही. शेवटी खुनांचा आळही तिच्यावरच येतो. हा चित्रपट मोठ्यांसाठीच आहे, शाळकरी मुलांनी तो पाहू नये. आम्ही त्याचा उल्लेख केला तो एवढ्यासाठी की, मुळाकडे जाताना मॅन्सिनी यांनी पडद्यावरची गर्दी कमी केली आणि ज्याचे कोणी ऐकत नाही असा माणूस पुन्हा मध्यभागी आणला.

योगायोग असा की त्याच २०१३ साली आपला 'झपाटलेला २' आला. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले होते. म्हणून कथा लक्ष्याच्या मुलाकडे, आदित्यकडे आली आणि ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. मधू कांबीकर पहिल्या भागात लक्ष्याची आई होत्या, दुसऱ्यात आदित्यच्या आजी झाल्या. मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर अशी मोठी नावे होती आणि चित्रपट थ्री-डी तंत्रात केलेला होता. मराठी निर्मात्याने एवढे धाडस करावे याचे कौतुकच आहे. चष्मे लावून बसलेल्या लहान मुलांना मजाही आली. पण आमच्या मते पडद्यातून वस्तू अंगावर फेकण्याच्या नादात मूळची भीती हरवली. डोळ्यांसमोर आलेल्या वस्तूने माणूस दचकतो आणि क्षणात विसरतो. 'माझे कोणी ऐकत नाही' ही भीती घरी येते, अंथरुणात येते. म्हणून तिसरा भाग काढणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की संगणकाची करामत कितीही वाढवा, पण न ऐकले जाणारे माणूस कथेत पुन्हा आणा.

मुळाकडे जाणे म्हणजे विनोद काढून टाकणे, असेही कोणी समजू नये. आपल्याकडे मुलांची भीती आणि मुलांचे हसू एकाच पंक्तीला बसत आले आहेत. रत्नाकर मतकरी यांनी मोठ्यांसाठी अंगावर शहारे आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहिले. त्यातली चेटकीण भीती घालते आणि हसवतेही. ती चेटकीण रंगमंचावर गाजवली दिलीप प्रभावळकर यांनी, आणि तात्या विंचूचा आवाजही त्यांचाच! याच नटाने २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई' मध्ये गांधीजी उभे केले आणि मुलांसाठी 'बोक्या सातबंडे' लिहिले. विद्यार्थ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. चेटकीण, तात्या विंचू आणि गांधीजी एकाच गळ्यातून निघू शकतात, कारण आवाज ही कमावण्याची गोष्ट आहे.

बाहुल्याची दुसरी बाजू हाताची. तात्या विंचूचा बाहुला घडवला आणि खेळवला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी 'अर्धवटराव' रंगमंचावर आणला. रामदासांनी त्याला दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचवले आणि आता सत्यजित पाध्ये ही तिसरी पिढी तीच कला करते आहे. अर्धवटराव मालकाला चारचौघांत फाडफाड बोलतो आणि मालक ओशाळतो. माणसाच्या तोंडून जे निघत नाही ते बाहुलीच्या तोंडून निघते, हे त्या खेळाचे मर्म आहे.

शब्दभ्रमात आवाज फेकला जातो, असे आपण म्हणतो. वास्तविक आवाज कुठेही फेकला जात नाही. तो कलाकाराच्याच गळ्यातून येतो. पण आवाज कुठून आला हे ठरवताना आपला मेंदू कानापेक्षा डोळ्यावर अधिक भरवसा ठेवतो. ज्याचे तोंड हलते तो बोलला, असे तो मानतो. सिनेमागृहात ध्वनिक्षेपक भिंतीला असतात, तरी आवाज नटाच्या तोंडून येतोसे वाटते ते याच कारणाने. कलाकाराची खरी कसोटी ओष्ठ्य अक्षरांत असते. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. त्यामुळे कलाकार त्यांच्या जागी जवळचा दुसरा उच्चार इतक्या सफाईने बसवतो की ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. आरशासमोर उभे राहून, ओठ न हलवता 'आई' म्हणून पाहा, सहज जमेल. मग 'बाबा, मला भीती वाटते' हे वाक्य म्हणून पाहा. ते जमता जमत नाही! शब्दभ्रमकाराला कठीण जाणारे हे वाक्य ओठ हलवून बोलणाऱ्या मुलांनाही तितकेच कठीण जाते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

बोलक्या बाहुल्यांचा विषय निघाला की धार-देवासच्या माणसाने दूर पाहण्याचे कारण नाही. आपण ज्या भूमीत राहतो ती अशा गोष्टींची खाणच आहे. देवासच्या शेजारी उज्जैन, म्हणजे विक्रमाची नगरी. वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतात शिरतो आणि राजाच्या खांद्यावरून गोष्ट सांगतो. परक्या शरीरात शिरून बोलणारा तात्या विंचू हा त्याचाच दूरचा भाऊबंद म्हटला पाहिजे. आणि धार ही तर भोजराजाची राजधानी. अकराव्या शतकातल्या या परमार राजाभोवती सिंहासनबत्तिशीची कथा गुंफलेली आहे. एका टेकाडावर बसले की साधा माणूसही राजाला शोभेल असा न्याय देऊ लागतो, हे ऐकून भोज तिथे खणायला लावतो. आत विक्रमादित्याचे सिंहासन सापडते आणि त्याला बत्तीस पुतळ्या असतात. भोज पाय ठेवणार तोच एक पुतळी बोलते. ती विक्रमाच्या औदार्याची गोष्ट सांगते आणि विचारते की, राजा, तुझ्या अंगी हे गुण आहेत का?

या कथेत आम्हांला सर्वांत नवल वाटते ते राजाच्या वागण्याचे. भोजाजवळ सत्ता होती. 'लाकडाच्या बाहुलीने मला शिकवू नये' म्हणून तो सरळ बसू शकला असता. तो थांबतो. एकदा नव्हे, बत्तीस वेळा थांबतो आणि ऐकून घेतो. लहानशा, निर्जीव मानलेल्या तोंडातून आलेले खरे बोलणे धारच्या राजाने ऐकले, असे आपली जुनी कथा सांगते. 'झपाटलेला'त नेमके उलटे घडते. लक्ष्या ओरडून सांगतो आणि मोठी माणसे हसतात. एक गोष्ट सिंहासनाकडे नेते, दुसरी खुनाकडे. फरक आहे तो ऐकण्याचा.

आता पालकांच्या आक्षेपाकडे वळतो. असे चित्रपट मुलांवर वाईट परिणाम करतात, ते दाखवूच नयेत, असे अनेकांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. लहान मुलांनी मोठ्यांसाठीचे भयपट पाहू नयेत, यात दुमत नाही. सरकारनेही आता 'यूए' प्रमाणपत्राचे वयानुसार ७, १३ आणि १६ असे तीन गट केले आहेत. तिकीट काढण्यापूर्वी किंवा मोबाइलवर चित्रपट लावण्यापूर्वी तो आकडा पाहण्याची सवय पालकांनी लावून घ्यावी. पण सगळे खापर बाहुल्यावर फोडण्यातही धोका आहे. १९९३ साली, म्हणजे आपला 'झपाटलेला' आला त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये दोन दहा वर्षांच्या मुलांनी एका दोन वर्षांच्या मुलाला ठार मारले. देश हादरला. वृत्तपत्रांनी 'चाइल्ड्स प्ले'च्या तिसऱ्या भागाला दोषी ठरवले. पण त्या मुलांनी तो चित्रपट पाहिला होता असा पुरावा पोलिसांना मिळाला नाही. बाहुल्यावर खापर फोडले की मोठ्यांची सुटका होते. त्या मुलांच्या घरात आणि शाळेत काय चालले होते, कोणाच्या लक्षात काय यायला हवे होते, हे अवघड प्रश्न मग बाजूला पडतात.

आपल्या घरांतही लहान प्रमाणात हेच घडते. मूल म्हणते, मला त्या रिक्षाने जायचे नाही. आपण म्हणतो, आळस नको. मूल म्हणते, त्या शिकवणीला नको. आपण म्हणतो, अभ्यास टाळतोस. मूल म्हणते, मला अंधारात कोणीतरी दिसते. आपण म्हणतो, 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' आणि दिवा मालवतो. ही म्हण खोटी नाही, पण मुलाचे तोंड बंद करायला ती फार सोयीची आहे. दहातल्या नऊ वेळा खरोखरच काही नसते, हे आम्हांला मान्य आहे. प्रश्न दहाव्या वेळेचा आहे. नऊ वेळा हसून घालवलेले मूल दहाव्या वेळी सांगायलाच येत नाही. लक्ष्याच्या गोष्टीतली भीती ही दहाव्या वेळेची भीती आहे.

त्यात आपल्या मुलांची एक जास्तीची अडचण आहे, ती भाषेची. देवासच्या दोन्ही पात्या १७२८ साली स्थापन झाल्या. पवारांबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांना आता तीनशे वर्षे होत आली. आपण घरी मराठी बोलतो, याचा अभिमान बाळगतो. पण मूल घाबरते तेव्हा कोणत्या भाषेत घाबरते, हे एकदा ऐकून पाहा. 'मला डर लागतो' असे ते म्हणते. यात त्याचा दोष नाही. भीतीचे मराठी शब्द आपणच त्याला दिलेले नाहीत. हडळ, समंध, मुंजा, खवीस, चकवा ही मंडळी आजीबरोबर घरातून निघून गेली. मुंजा हे नाव मुलांना पुन्हा कळले ते २०२४ च्या हिंदी चित्रपटामुळे. तात्या विंचूही त्यांना भेटला तो हिंदीतून. हिंदी ही आपल्या शाळेची आणि गावाची भाषा, तिच्याविषयी आमच्या मनात प्रेमच आहे. तरीही ज्या घरात आजी मराठीच बोलते, त्या घरातल्या नातवाला आपली धास्ती, धडकी, हुरहुर मराठीत सांगता आली नाही, तर आजीचे कान असून उपयोग काय? भुताच्या गोष्टींनी मुलांना एवढे नक्की दिले होते की भीती ही बोलण्याची गोष्ट आहे आणि तिला शब्द आहेत. ओट्यावर बसून दहा मुले एकत्र घाबरत होती. आज एकेक मूल खोलीचे दार लावून, कानात यंत्र घालून एकटे घाबरते. घाबरण्यापेक्षा हे एकटेपण आम्हांला अधिक काळजीचे वाटते.

टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून तीन सूचना मांडतो.

पहिली पालकांसाठी. 'झपाटलेला' दाखवायचा तर मराठीतला दाखवा आणि मुलांबरोबर बसून पाहा. मध्ये थांबवून विचारा की लक्ष्याच्या जागी तू असतास तर कोणाला सांगितले असतेस? उत्तर लगेच आले नाही, तर रागावू नका. ते उत्तर कोणाच्या नावाने येते किंवा येतच नाही, हेच तुम्हांला कळायला हवे आहे.

दुसरी शाळेसाठी. स्नेहसंमेलनात दरवर्षी चित्रपटगीतांवरचे नाच होतात, ते होऊ द्यात. त्यातली वीस मिनिटे बाहुलीनाट्याला द्यावीत. जुने मोजे, कागदाचा लगदा, शिंप्याकडची चिंध्यांची पिशवी एवढे सामान पुरते. सिंहासनबत्तिशीतल्या पुतळ्या आठवीच्या मुलांनी कराव्यात, गोष्ट मराठीत लिहावी आणि प्रत्येक पुतळीने मोठ्या माणसांना एक प्रश्न विचारावा. प्रश्न मुलांचेच असावेत, शिक्षकांनी ते सौम्य करू नयेत. मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक बाहुलीचा उपयोग करतात, कारण 'मला' म्हणायला जे जड जाते ते 'हिला' म्हणून सहज सांगता येते. अर्धवटरावाने हे आपल्याला कधीच दाखवून दिले आहे. धार आणि देवासच्या मुलांनी मिळून हा प्रयोग केला, तर भोज आणि विक्रम दोघेही घरचेच पाहुणे आहेत.

तिसरी विश्वस्त मंडळासाठी, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पंधरवड्यातून अर्धा तास, एक शिक्षिका किंवा शिक्षक, दार उघडे असलेली एक खोली, आणि कोणत्याही मुलाने येऊन काहीही सांगावे अशी मोकळीक. तिथे सांगितलेल्या गोष्टीवर हसायचे नाही, लगेच उपदेश करायचा नाही आणि गरज पडली तर पुढे काय करायचे हे आधीच ठरवून ठेवायचे. याला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. मुलांसाठी १०९८ हा निःशुल्क दूरध्वनी देशभर आहेच. तो क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फलकाच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला असावा. पण अनोळखी आवाजाला फोन करण्यापूर्वी मुलाने ओळखीच्या माणसाकडे यावे, अशी आपली शाळा असली पाहिजे. शंभर मुलांतल्या एकाच्याच उपयोगी पडेल, असे कोणी म्हटले तर आमचे उत्तर आहे की त्या एकासाठीच ही व्यवस्था हवी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी शेवटी दोन शब्द. तिसरा भाग येईल तेव्हा तुम्ही तो पाहालच. भरपूर घाबरा, भरपूर हसा. संगणकाने काय काय केले ते बघा, आणि पाध्ये यांच्या हाताने व प्रभावळकरांच्या गळ्याने पहिल्या वेळी जे साधले ते या वेळी साधले का, हेही तपासा. चित्रपट चांगला की वाईट हे ठरवायला एक सोपी कसोटी सांगतो. घरी आल्यावर तुम्हांला बाहुल्याची भीती वाटली, तर तो बरा चित्रपट. 'माझ्या वर्गातल्या कोणाचे मी हसण्यावारी तर नेले नाही ना?' असा प्रश्न पडला, तर तो उत्तम चित्रपट. आणि तसा प्रश्न पडलाच, तर दुसऱ्या दिवशी त्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या बाकावर जाऊन बसा आणि त्याचे किंवा तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्या.

बाहुलीनाट्याचा प्रस्ताव आणि अर्ध्या तासाची सूचना विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत विचारात घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. पालकांनी आपली मते, अनुकूल असोत वा प्रतिकूल, लेखी स्वरूपात शाळेच्या कार्यालयात द्यावीत. मुलांनीही द्यावीत. त्यांची पत्रे आम्ही आधी वाचू.